दुखण्याला किती तारे द्याल?

माणसाला दुखतं, हे वैद्यकशास्त्राला फार पूर्वीपासून ठाऊक होतं. पण त्या दुखण्याचा त्याचा एकंदर अनुभव कसा राहिला, हे विचारायचं मात्र राहूनच गेलं होतं. लहान मुलांच्या बाबतीत तर ही हेळसांड फारच जुनी. मूल रडायचं, आई सांगायची, डॉक्टर पोट दाबून बघायचे, बाप दाराबाहेर उभा राहून नखं कुरतडायचा, आणि एवढ्या अपुऱ्या माहितीवर पिढ्यान्‌पिढ्या मुलं बरी होत गेली. (त्याची आकडेवारी उपलब्ध नाही. त्यामुळे ती बरी झाली असं शास्त्रीयदृष्ट्या म्हणता येणार नाही.)

ही उणीव लातूरच्या ‘बालप्रफुल्ल शल्यकेंद्रा’ने भरून काढली. ती लातूरनेच भरून काढावी हेही योग्य झालं. ज्या गावात घरमालक भाडेकरूला ‘खोली एकट्याला, दोघांत, तिघांत की वरीलपैकी एकही नाही’ असं विचारतो, त्या गावाला प्रश्न काढायला शिकवावं लागत नाही. शल्यकेंद्राची इमारत पूर्वी कोचिंग क्लासचीच. क्लास वाढला, रिंगरोडला मोठ्या इमारतीत गेला, आणि जुनी वास्तू एका ट्रस्टने लहान मुलांच्या ऑपरेशनांसाठी घेतली. केमिस्ट्रीच्या हॉलचा वॉर्ड झाला. फिजिक्सच्या खोलीचं ऑपरेशन थिएटर झालं. इमारतीबरोबर क्लासच्या परीक्षा विभागाचे प्रमुख वीरभद्र सरही तिथंच राहिले आणि केंद्राचे संचालक झाले. केंद्रात ‘सर’ म्हटलं की वीरभद्र सर. ऑपरेशन करणारे राघवेंद्र हे नुसते ‘डॉक्टर’.

सरांचं म्हणणं असं, की ऑपरेशन काय, कुठंही होतं. पालकांचं मत घेणं सगळीकडे होत नाही. म्हणून त्यांनी ‘पालकवाणी’ नावाची डिजिटल प्रश्नावली तयार करवून घेतली. मूल दाखल झाल्यापासून टाके सुकेपर्यंत पालकाने तिची उत्तरं द्यायची. केंद्रातच भरायचे प्रश्न एकशे बेचाळीस, घरी गेल्यावरचे वेगळे. तिचे भाग पाडलेले होते: उपवासपूर्व, उपवासकालीन, भूलपूर्व, भूलकालीन (हा भाग पालकांनी भरायचा, मूल बेशुद्ध असल्यामुळे त्याला सूट होती) आणि शस्त्रक्रियोत्तर. काही प्रश्नांना चार पर्याय, बाकीच्यांना एक ते पाच तारे. प्रश्नही वरवरचे नव्हते. ‘मुलाला सकाळपासून उपाशी ठेवण्याची आमची सेवा तुम्ही मित्र-नातेवाइकांना सुचवाल का?’ हा एक. ‘मूल रडले असल्यास, त्या वेळी वातानुकूलन समाधानकारक होते का?’ हा दुसरा. आणि सरांनी स्वतः काढलेला, त्यांच्या विशेष आवडीचा प्रश्न असा: ‘शस्त्रक्रियेआधी तुम्हाला भीती वाटली का? (अ) मुळीच नाही. (ब) वाटली, पण स्वागतकक्ष पाहून गेली. (क) वाटली, पण सुखद. (ड) वरील सर्व.’

अशा या संस्थेत लोह्याचे आदर्श सोनकांबळे आपली चार वर्षांची मुलगी यशोधरा, म्हणजे यशू, हिला घेऊन आले.

आदर्श पंचायत समितीत कनिष्ठ सहायक. माणूस सरळ, हस्ताक्षर वळणदार, आणि कागद वर पाठवला की वर कुणीतरी तो वाचतं यावर त्याची मनापासून श्रद्धा. (नोकरीत इतकी वर्षं काढूनही ती टिकली, यावरून त्याच्या स्वभावाची कल्पना यावी.) ही श्रद्धा त्याच्याकडे वडिलोपार्जित आली होती. त्याचे वडील नरसिंगराव औसा तालुक्यातले. त्र्याण्णवच्या भूकंपात त्यांचं गाव गेलं, आणि गावाबरोबर आई-वडीलही गेले. त्यानंतर पत्र्याच्या शेडापुढे रोज कुणीतरी कागद घेऊन बसायचं. भांडी किती, ढोरं किती, माणसं किती, रात्री झोप लागते का, स्वप्नं पडतात का, पडत असल्यास कोणत्या प्रकारची. एका संस्थेने तर भूकंपाबद्दल त्यांचं मत विचारलं. नरसिंगरावांनी जरा विचार करून ‘ठीक हाय’ असं सांगितलं. त्यांनी कुणालाही रिकाम्या हाताने परत पाठवलं नाही, आणि पुढं त्यांना खरोखरच नव्या गावठाणात दोन खोल्यांचं घर मिळालं. तेव्हापासून दारात कागद घेऊन आलेल्या माणसाला ते आधी पाणी देतात. यशूला ऑपरेशनसाठी लातूरला न्यायचं ठरलं तेव्हा त्यांनी मुलाला एवढंच बजावलं, की इचारून राहिले तर सांगत जा. आपल्याला इचारतंय कोण न्हाई तर.

आदर्शचं लातूरशी स्वतःचंही नातं होतं. बारावीनंतर डॉक्टर व्हायचं म्हणून त्याने त्याच क्लासमध्ये तीन वेळा तयारी केली होती. ज्या फिजिक्सच्या खोलीत त्याच्या डॉक्टरकीचा निकाल लागला, त्याच खोलीत आता त्याच्या मुलीचं ऑपरेशन व्हायचं होतं. ऑपरेशन तसं साधं, हर्नियाचं. यशू रडली किंवा खोकली की जांघेत लिंबाएवढी गाठ फुगायची. लोह्याच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, घाबरण्यासारखं काही नाही, पण करून टाका. ‘घाबरण्यासारखं काही नाही’ हे ऐकल्यापासून आदर्शला झोप नव्हती.

केंद्रात पोचताच त्याची बायको लुंबिनी हिच्या हाती यशूचा हिरवा गाऊन आला आणि आदर्शच्या हाती टॅब. आणि मग एक नवल घडलं. पहिल्याच प्रश्नाखाली चार पर्याय बघून त्याची छाती धडधडायची थांबली. त्याला भीती वाटत होती ती मुलीच्या पोटाची, आणि तिथं त्याच्या हातात करण्यासारखं काही नव्हतं. इथं होतं. तो खुर्चीत सरसावून बसला. जिथं ‘वरील सर्व’ असेल तिथं बहुधा तेच बरोबर असतं, हे तीन वर्षांत शिकलेलं त्याला आठवलं. बोट झराझरा चालायला लागलं.

टॅबच्या कोपऱ्यात टायमर उलटा धावत असे. ही सरांच्या आधीच्या कारकिर्दीतली देणगी. वेळेत न भरलेला भाग बाद व्हायचा आणि पालकाच्या नावापुढं ‘अंशतः सहभागी’ असा शेरा पडायचा. देगलूरकडच्या लक्ष्मम्मा नावाच्या बाई नातवाला घेऊन शेजारी बसल्या होत्या. त्यांना धड मराठी वाचता येत नव्हतं. त्यांनी आदर्शचं बघून बघून प्रत्येक ठिकाणी शेवटच्या ताऱ्यावर बोट ठेवलं आणि त्याच्या आधी संपवून मोकळ्या झाल्या. प्रश्नावलीच्या रचनेतला हा एक मोठाच गुण म्हणायचा, की ती निरक्षरांनाही साक्षरांइतकंच समाधानी ठेवते.

आदर्श भूलपूर्व भागाच्या शेवटाला आला असताना सिस्टर यशूला न्यायला आल्या. लुंबिनीने तिला उचलून ट्रॉलीवर ठेवलं. यशूने आईचा पदर सोडला नव्हता, आणि दुसरा हात तिने बापाकडे केला होता.

“पप्पा, तुमी बी चला,” ती म्हणाली.

टायमरवर थोडेच सेकंद उरले होते. आदर्शने मान वर न करता डावा हात उचलला आणि म्हणाला, “एक मिनिट, बेटा.” शेवटचं उत्तर पाठवून त्याने वर बघितलं तेव्हा थिएटरचं दार मिटत होतं. त्याला दिसलं ते ट्रॉलीचं मागचं चाक. पदर सोडवून घेतलेली लुंबिनी दाराशी उभी होती, आणि ती त्याच्याकडे बघत नव्हती. तेवढ्यात टॅबवर पुढचा प्रश्न आला: ‘मुलाला निरोप देण्याच्या क्षणाचा तुमचा अनुभव कसा होता?’

आदर्शने पाच तारे दिले.

ऑपरेशन उत्तम झालं. डॉक्टर बाहेर आले, गाठ गेली, पोरगी छान आहे, असं दोन वाक्यांत सांगून पुढच्या मुलाकडे वळले. (त्यांच्या या तुटकपणाची नोंद संवादकौशल्य या सदराखाली झाली आणि त्यांना त्या महिन्यात अर्धा तारा कमी पडला.) दुसऱ्या दिवशी मात्र केंद्रात खरी धांदल उडाली ती वेगळ्याच कारणाने. एकशे बेचाळीसच्या एकशे बेचाळीस प्रश्नांची वेळेत उत्तरं देणारा पालक केंद्राच्या इतिहासात पहिल्यांदाच सापडला होता. पालकानुभव अधिकारी मालविका मॅडम पुष्पगुच्छ घेऊन वॉर्डात आल्या. सरांनी आदर्शच्या गळ्यात हार घातला. फोटो निघाला. आणि डिस्चार्जचे कागद होईपर्यंत केंद्राच्या फाटकावर फ्लेक्स चढलासुद्धा: ‘आदर्श पालक: आदर्श सोनकांबळे (लोहा), सहभाग शंभर टक्के.’

लातूरमध्ये फ्लेक्सवर चेहरा लागणं म्हणजे काय, हे बाहेरच्यांना सांगून कळायचं नाही. तीन वर्षं आदर्श त्या रस्त्याने परीक्षेत पहिल्या आलेल्या दुसऱ्यांचे चेहरे बघत गेला होता. नरसिंगराव मुद्दाम गावाहून आले, फ्लेक्सखाली बराच वेळ उभे राहिले, आणि नात कशी आहे ते त्यांनी त्यानंतर विचारलं. लुंबिनी यशूला कडेवर घेऊन रिक्षा बघत होती. तिला कुणी पुष्पगुच्छ दिला नव्हता, तेव्हा तिचे हात यशूसाठी मोकळे होते.

लोह्याला आल्यावर दोनेक दिवस बरे गेले. ‘पालकवाणी’ आता आदर्शच्या फोनवर सकाळ-संध्याकाळ बोलू लागली. आज मूल हसलं का, हसल्यास किती, वगैरे. तो ऑफिसात फायली बाजूला सारून उत्तरं द्यायचा. मग एका सकाळी लुंबिनीने पट्टीच्या कडेला बोट लावलं आणि हात मागे घेतला.

“अहो, लाल पडलंय. अंग बी कढत हाय,” ती म्हणाली.

आदर्श चरकला, पण गोंधळला नाही. प्रश्नावलीत नेमका हाच प्रश्न होता. टाक्याजवळ सूज आहे का? हो. ताप आहे का? हो. जखमेतून स्राव? सांगता येत नाही. त्याने पाठवलं. फोनवर लगेच फुलं उमलली आणि अक्षरं आली, की धन्यवाद, आपला प्रतिसाद नोंदवला गेला आहे, आज आपण दहा गुण मिळवले. आदर्शला धीर आला. नोंद झाली म्हणजे ती वर गेली. वर गेली म्हणजे कुणीतरी वाचणार. त्याने लुंबिनीला तसं सांगितलंही. संध्याकाळी पुन्हा प्रश्न आले, पुन्हा त्याने खरं ते भरलं, पुन्हा फुलं उमलली. हेल्पलाइनला फोन लावला तेव्हा एका गोड आवाजाने सांगितलं, की प्रश्नावलीत अडचण असल्यास एक दाबा, प्रश्नावली आवडल्यास दोन दाबा. तिसरा आकडा नव्हता. कागदावर केंद्राचा दुसरा नंबर होता. तो लावला की हाच आवाज यायचा.

दुसऱ्या दिवशी यशूने दूधही घेतलं नाही. ती चालताना एका पायावर वाकायला लागली. लोह्याच्या डॉक्टरांनी बघितलं, ज्यांनी ऑपरेशन केलंय त्यांनाच दाखवा, उशीर करू नका, असं म्हणाले. आदर्श म्हणाला, आपण सगळं कळवलेलं आहे, त्यांचं काही उत्तर येईलच. लुंबिनी मूळची बिलोलीची, फार बोलणारी नव्हे. तिने पिशवीत यशूचे दोन फ्रॉक घातले आणि पायात चपला सरकवल्या.

“ते यशूला बघून राहिले का तुमच्या उत्तराला?” तिने विचारलं. आदर्शला चार पर्यायांची सवय होती. इथं दोनच होते, आणि दोन्ही त्याला देता येईनात. अहमदपूरमार्गे लातूरला जाणारी एस.टी. दोघांनी पकडली. वाटेत यशू आईच्या खांद्यावर मान टाकून पडली होती, आणि आदर्श पहिल्यांदाच फोन खिशात ठेवून तिच्या तळव्याला धरून बसला होता. तळवा खरोखरच कढत होता. फोनवर ही गोष्ट नुसती ‘हो’ म्हणून गेली होती.

केंद्राच्या स्वागतकक्षात महादेवी नावाची मुलगी बसायची. स्वभावाने गरीब, बोलायला मऊ. तिने यशूचा नंबर घातला, कॉम्प्युटरचा पडदा बघितला आणि तिचा चेहरा खुलला.

“दादा, काळजी करू नका. तुमची मुलगी बरी हाय. इथं हिरवं दिसून राहिलंय,” ती म्हणाली.

आदर्शने पोरीकडे बोट दाखवलं. महादेवीने पडद्याकडे दाखवलं. त्यात तिची चूक नव्हती. पालकाच्या सगळ्या उत्तरांची सरासरी काढून मुलाचा रंग ठरायचा, आणि आदर्शने वातानुकूलन, पार्किंग, पिण्याचं पाणी, स्वच्छतागृह, निरोपाचा क्षण अशा सगळ्या बाबतीत पाच-पाच तारे दिलेले असल्यामुळे एवढ्यातेवढ्या सुजेने यशूचा हिरवा रंग हलण्यासारखा नव्हता. शिवाय तिची तपासणी पुढच्या आठवड्यात होती, आणि डॉक्टर आत होते. तक्रार असल्यास ‘पुनर्भेट’ हा भाग भरता येईल, असं म्हणून महादेवीने त्याच्यापुढं टॅब सरकवला.

आदर्श खुर्चीवर बसला. लुंबिनी समोर भिंतीला टेकून यशूला थोपटत उभी राहिली. टॅबवर पहिला प्रश्न आला: ‘आज स्वागतकक्षातील आपला अनुभव कसा होता?’ सवयीने त्याचं बोट पाचव्या ताऱ्याकडे गेलं. तिथंच थांबलं. फाटकावर त्याचा हसरा चेहरा होता. आत त्याची पोरगी कण्हत होती. हे दोन्ही एकाच माणसाचं आहे हे त्याला अचानक सहन होईना. त्याने बोट मागे घेतलं आणि पहिल्या ताऱ्यावर ठेवलं.

टॅबमधून बारीकसा भोंगा वाजला. असा आवाज त्यात आहे हे महादेवीलाही ठाऊक नव्हतं.

मालविका मॅडम जिन्यावरून जवळजवळ धावतच आल्या. पुण्याहून खास प्रशिक्षण घेऊन आलेल्या, बोलणं अत्यंत अदबशीर. त्यांनी पाणी मागवलं, चहा मागवला, खुर्चीची गादी बदलायला सांगितली, आणि नेमकं काय खटकलं ते विचारलं. आदर्श म्हणाला, पोरीला बघा. मॅडमनी यशूकडे पाहून खरोखर कळवळून मान हलवली.

“ते वैद्यकीय झालं, सर. माझ्याकडे फक्त अनुभव आहे,” त्या म्हणाल्या.

आदर्शने पिण्याच्या पाण्याला एक तारा दिला. व्यवस्थापक आले. त्याने वातानुकूलनाला एक तारा दिला. व्यवस्थापकांच्या मागून विजेचा माणूस शिडी घेऊन आला. पाणी गार होतं, हवा गार होती, आदर्शला हे दिसत होतं, आणि धादांत खोटं लिहिताना त्याचे कान तापत होते. पण आत्तापर्यंतच्या खऱ्या उत्तरांनी कुणी पायरीही उतरलं नव्हतं आणि या खोट्यांनी मजले रिकामे होत होते. शेवटी ‘एकंदर’ असा प्रश्न आला. त्याने डोळे मिटून बोट ठेवलं. या वेळी भोंगा लांब वाजला आणि वरच्या मजल्यावरून खुद्द वीरभद्र सर उतरले.

सरांनी त्याला ओळखलं. हॉर्डिंगवरचा माणूस ओळखायला त्यांना कधीच वेळ लागत नसे.

“अरे, तू तर आपला. हे काय करून राहिलास?”

आदर्श उठून उभा राहिला. तीन वर्षं या माणसापुढं त्याने मान वर केली नव्हती.

“चुकीची उत्तरं देऊन राहिलो, सर,” तो म्हणाला. “बरोबर दिली तवा कुणी आलं न्हाई.”

सरांनी टॅबवरचा आकडा बघितला. केंद्राची सरासरी तिथल्या तिथं घसरली होती. त्यांनी डॉक्टरांना बाहेर बोलवायला माणूस पाठवला. (सरांवर टीका करणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं, की निर्णय घ्यायला त्यांनी अजिबात वेळ लावला नाही.)

डॉक्टर राघवेंद्र एक ऑपरेशन संपवून टोपी न काढताच आले. त्यांना ना भोंगा माहीत होता ना तारा. ते सरळ लुंबिनीकडे गेले, यशूच्या गळ्याला हाताची पाठ लावली, फ्रॉक वर करून पट्टीची कड उचलली आणि नाकाने वास घेतला. एवढं सगळं व्हायला एक प्रश्न वाचायला लागतो तेवढाही वेळ लागला नसेल.

“टाक्यापाशी पू धरलाय. आत घ्या, मोकळा करतो. वेळेत आणलंत,” ते म्हणाले. मग आदर्शकडे वळून त्यांनी विचारलं, “सूज दिसली तेव्हाच का नाही सांगितलं?”

“सांगितलं होतं, डॉक्टर. काल सकाळी, काल संध्याकाळी.”

“कुणाला?”

आदर्शने खिशातला फोन बाहेर काढून दाखवला. डॉक्टरांनी फोनकडे बघितलं, सरांकडे बघितलं, आणि हात धुवायला आत गेले.

सिस्टर पुन्हा ट्रॉली घेऊन आल्या. टॅबवर ‘भूलपूर्व’ भाग आपोआप उघडला आणि टायमर उलटा धावायला लागला. आदर्शने टॅब खुर्चीवर पालथा टाकला आणि यशूला स्वतः उचललं. तिने त्याच्या शर्टाची कॉलर मुठीत धरली. थिएटरच्या दारापर्यंत तो तिला कडेवर घेऊन गेला, तिथं सिस्टरनी थांबवलं तरी तिची मूठ सुटेपर्यंत थांबला. लुंबिनी शेजारी होती. दार मिटल्यावर तिने डोळे पुसून त्याच्या खांद्यावरची चुरगळलेली कॉलर नीट केली. खुर्चीवर पालथ्या पडलेल्या टॅबने दरम्यान ‘अंशतः सहभागी’ असा शेरा मारून टाकला.

यशू बरी झाली. चौथ्या दिवशी ती वॉर्डातल्या जुन्या फळ्याच्या चौकटीवर खडूने कोंबड्या काढत होती. डॉक्टरांनी औषधांच्या कागदावर मागच्या बाजूला स्वतःचा फोन नंबर लिहून दिला आणि काही वाटलं तर मलाच लावा, असं सांगितलं. (या प्रकाराची चौकशी चालू आहे. अधिकृत वाहिनी सोडून पालकाने डॉक्टरशी थेट बोलणं हे संस्थेच्या धोरणात बसत नाही.)

निघताना महादेवीने टॅब पुढं केला. ती काही बोलली नाही, पण तिचे डोळे सुजलेले होते. मालविका मॅडमनी आदल्या संध्याकाळी सगळ्यांपुढं तिला विचारलं होतं, की स्वागतकक्षाला एक तारा पडलाच कसा. आदर्शने लुंबिनीकडे बघितलं.

“द्या,” लुंबिनी म्हणाली. “तिचा काय दोष.”

लोह्याची गाडी लागायची वेळ झाली होती. पोर कडेवर झोपली होती. आदर्शने एकही प्रश्न न वाचता भराभर पाच-पाच तारे दिले आणि तिघं स्टँडकडे निघाले.

संस्थेने या प्रकरणातून बोध घेतला नाही, असं कुणी म्हणू नये. महिन्याभरात ‘पालकवाणी’त मूलभूत सुधारणा झाल्या. एक आणि दोन तारे काढून टाकले गेले, कारण त्यांचा दुरुपयोग होऊ शकतो हे सिद्ध झालं होतं. आता तारे तीनपासून सुरू होतात. सुजेचा प्रश्नही सुधारला: ‘सूज (अ) अपेक्षेइतकी आहे. (ब) अपेक्षेपेक्षा कमी आहे.’ आदर्शने सकाळ-संध्याकाळ पाठवलेल्या तापाच्या उत्तरांचाही शोध लागला. ती वार्षिक अहवालात होती, गुलाबी रंगात, ‘घरून सक्रिय सहभाग’ या शीर्षकाखाली.

लातूरही स्वस्थ बसलं नाही. केंद्रासमोर आदर्शच्याच एका जुन्या वर्गमित्राने पालकांसाठी रविवारची बॅच काढली. कोणत्या प्रश्नाला कमी तारे दिले की कोण खाली येतं, याचा तक्ता तिथं पाठ करून घेतात. आदर्श पहिल्या रविवारी पाहुणा म्हणून बोलायला गेला. दाराबाहेर डॉक्टर कसा आणावा, हे त्याने तळमळीने सांगितलं. नंतर एक बाप उठला आणि हे परीक्षेला येतं का असं त्याने विचारलं. आदर्श पुन्हा गेला नाही. तो डॉक्टरांचा नंबर तेवढा ओळखीच्या लोकांना देतो, आणि घरी यशू खोकली की फोन बाजूला ठेवून तिच्या कपाळाला हात लावतो. नरसिंगराव अजून सगळ्या कागदवाल्यांना पाणी देतात.

केंद्राची सरासरी आता पाचपैकी चार पूर्णांक नऊ दशांश आहे. मराठवाड्यात इतकी कुणाचीच नाही. तुम्ही ती पाहिलेली असणार. पोराला दाखवायचं म्हटल्यावर तुम्ही कुणा माणसाला विचारलं नाहीत, फोन काढलात, तारे मोजलेत आणि नंबर लावलात. शहाण्या माणसाने असंच करावं. फक्त ते तारे दिले कुणी, एवढं विचारायचं राहून गेलं. ते दिले गाडीची वेळ झालेल्या, पोर कडेवर झोपलेल्या, एकही प्रश्न न वाचलेल्या आयाबापांनी. ते तरी तिथं कसे पोचले, म्हणाल, तर तेही तुमच्यासारखेच शहाणे. गेल्या वर्षी इथूनच गाडी गाठायच्या घाईत तुम्ही दिलेले पाच तारे बघून ते आले होते.